डाव्या वळणाची बिडी

रोवणी लागली की सडक अर्जुनीच्या अलीकडे महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या बांध्या माणसांनी भरतात. धानाच्या शेताला इकडे बांधी म्हणतात. पिंढरीपर्यंत चिखल, पाठीवर प्लास्टिकचा कागद, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या आणि एका रेषेत मागे मागे सरकणाऱ्या बाया. ट्रक भोंगे वाजवत जातात, बाया मान वर करत नाहीत. यंदा या रस्त्याने जाताना एका धाब्यावर गाडी थांबली. शेजारच्या टपरीवर चिखलाच्या पायांनी एक माणूस आला. त्याने नाव घेऊन सिगारेट मागितली, पाकिटावर छापलेली किंमत वाचली, तेवढे पैसे ठेवले आणि गेला. सगळा व्यवहार एका वाक्यात संपला.

याच पायांचं गिऱ्हाईक पूर्वी इतक्या लवकर संपत नसे. बिडीचा कट्टा, म्हणजे दोऱ्याने बांधलेली बिड्यांची जुडी, आधी हातात तोलली जाई. मग एक बिडी कानाशी नेऊन बोटांत फिरवली जाई. कोरडी बिडी कुरकुरते, दमट बिडी गप्प राहते. मग वास. मग दुकानदाराच्या सात पिढ्यांची चौकशी. मग कट्टा कमरेला खोचून गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाई आणि तिथला कट्टाही तसाच तपासून येई.

ज्या पावसाळ्याबद्दल लिहायचं आहे तो नव्या पैशांच्या आरंभीचा. आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो आहोत हे कचेरीच्या पाटीवरून कळत होतं. बाजारात ते कळत नव्हतं, तिथे फक्त नाणी बदलली होती. बाया नवं नाणं उलटंपालटं करून बघत आणि दुकानदाराला विचारत, "हे खरं हाये का?" बाजारात सगळंच थोडं हललं होतं. हललेल्या बाजारात मोठा माणूस पुढे सरकतो, कारण त्याला सरकायला पैसा असतो.

तेव्हा बिडी नावावर विकली जात नसे. कट्ट्यावर चिठ्ठी असे, चिठ्ठीवर चित्र असे, पण श्रावणात चिठ्ठीचा रंग उतरे आणि अक्षरं वाचणारे थोडे. ओळख होती ती दोऱ्याची. तांबडा दोरा म्हणजे गोंदियातला मोठा कारखाना. हिरवा दोरा म्हणजे टिटवी छाप. आणि टिटवी छाप म्हणजे आमचे तुळशीराम काका.

काका मूळचे धानवाले. आमच्या जातीच्या लोकांनी या भागात तलाव खोदले. काकांच्या वाट्याला तलावाखालची थोडी जमीन आणि रिकामा गोठा आला होता. गोठ्यात त्यांनी बिडीचं काम सुरू केलं. उन्हाळ्यात तेंदूपान घ्यायचं, वाळवून गोण्यांत भरायचं, आणि वर्षभर गावातल्या काही बायांकडून बिड्या वळून घ्यायच्या. माल सायकलवर लादून आजूबाजूच्या आठवडी बाजारांना नेण्याचं काम माझ्याकडे होतं. छापाचं नाव ठरलं तेव्हा शेजारच्या एकाने हटकलं होतं, "भाऊ, वाघ ठेवा, घोडा ठेवा. टिटवी काऊन?"

"वाघ पाह्यला का गा तू कधी?" काका म्हणाले. "टिटवी रोज वरडते. ध्यानात तरी राहीन."

रोवणीचे दिवस हाच आमचा खरा हंगाम. पाण्यात दिवसभर वाकलेल्या माणसाला बांधावर बसल्यावर बिडी लागते आणि ती रिमझिमीत विझता कामा नये. काड्या ओल्या झालेल्या असतात, एक पेटली तर चार जण तिच्यावर पेटवतात. काका तंबाखू किंचित जास्त घालत, तोंड घट्ट दुमडायला लावत आणि बिड्या भट्टीवर जरा जास्त वेळ शेकून घेत. एवढंच त्यांचं भांडवल. शहरी माणसाला ती बिडी जाड आणि कडक वाटली असती. काकांचं गिऱ्हाईक शहरात नव्हतं.

मोठ्या कारखान्याचा माल तोवर आगगाडीने दूर दूर जात असे. त्या वर्षी त्यांना आजूबाजूची खेडीही हवीशी झाली. का, हे कोणी सांगितलं नाही. दूरच्या शहरांत आणखी कोणीतरी त्यांची जागा घेतली असावी. त्यांच्या माणसाने दुकानदारांना पत्र्याच्या रंगीत पाट्या वाटल्या आणि तांबड्या दोऱ्याच्या कट्ट्यासोबत काडीपेटी फुकट दिली. लोकांनी एकदा तांबडा कट्टा घेतला, काडीपेटी ठेवून घेतली आणि त्या काडीने हिरव्या दोऱ्याची बिडी पेटवली. काका खूश होते. "काडी त्याची, बिडी आपली. सेठले रामराम सांगा," ते बाजारात मोठ्याने म्हणत. मोठ्याने म्हणायला नको होतं, असं काकू म्हणाली. ते काकांना पटण्यासारखं नव्हतं.

पुढची चाल समजण्यासाठी छाट हा शब्द समजायला हवा. मोठ्या कारखान्याचं काम गावोगाव सट्टेदार चालवत. सट्टेदार पान आणि तंबाखू वाटून देई, बाया घरी बिड्या वळत आणि संध्याकाळी सुपं घेऊन त्याच्या ओसरीवर रांगेत बसत. तो प्रत्येक सुपातल्या बिड्या चाळून बघे आणि न आवडलेल्या बाजूला टाके. पान फाटकं, तोंड सैल, पोट रिकामं, कारण काहीही असो. त्या टाकलेल्या बिड्या म्हणजे छाट. छाटीची मजुरी मिळत नसे. पण छाट परतही मिळत नसे. ती सट्टेदाराकडेच राही. असं का, हे विचारायची रीत नव्हती. आमच्या गावातल्या बहुतेक बाया सट्टेदाराकडेच काम करत. काकांकडे सगळ्यांना पुरेल एवढं काम नव्हतं.

रोवणी ऐन भरात आली आणि बाजारांत एक नवा कट्टा दिसू लागला. चिठ्ठी नाही, छाप नाही. किंमत आमच्या निम्मी. दोरा हिरवा.

झिटरूबाबा म्हणून एक म्हातारा आमचं जुनं गिऱ्हाईक होता. तो आमच्या पालासमोरून गेला आणि पलीकडून निम्म्या किमतीचा कट्टा घेऊन परत आला, आमच्याच पालात बसायला.

"बाबा, तिकडून काऊन घेतली?" मी विचारलं.

"स्वस्त हाये."

"आमची चांगली हाये."

"तुमची चांगली हायेच ना. मी कोठी नाही म्हनलो? पन बिडी त जरूनच जाते गा शेवटी."

गिऱ्हाईकावर रागावणारे व्यापारी मी पुढे पुष्कळ पाहिले. झिटरूबाबावर रागावण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या खिशाला जे दिसत होतं ते त्याने सांगितलं. खरी अडचण आठवड्यानंतर कळली. ते स्वस्त कट्टे रिमझिमीत विझत होते आणि बांधावर बसलेली माणसं शिव्या देत होती ती हिरव्या दोऱ्याला. बाजारात आम्ही दिसलो की आवाज येई, "टिटवी भिजली का गा?" समोरच्याला स्वस्त माल विकून कमाई करायची नव्हती. त्याला आमचं नाव भिजवायचं होतं.

काकांनी दोरा बदलला. हिरवा चोरला तर चोरू दे, म्हणाले, आपण पिवळा बांधू. गोठ्यात बायांनी रात्रंदिवस खपून नव्या दोऱ्याचे कट्टे बांधले. काकांच्या इतक्या वर्षांच्या व्यवहारातली ही सगळ्यात मोठी चूक ठरली आणि ती फक्त आमच्याकडेच होऊ शकली असती. पिवळा दोरा हळदीचा. तो नवरीच्या हातात असतो, पूजेच्या कलशाला असतो. एका बांधावर मी कट्टा पुढे केला तर म्हातारीने हात मागे घेतला. "हे जाराचं नाही बाप्पा. कोनाच्या लग्नातलं आनलं?" दुसरीने जोडलं, "भाऊले म्हना, अक्षताही वाटा सोबत." सगळी बांधी हसली. पिवळे कट्टे तसेच सायकलवरून परत आले.

त्याच आठवड्यात मोठ्या कारखान्याचा माणूस गोठ्यात आला. स्वच्छ धोतर, काळी छत्री. तो खाटेवर बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "तुलसीराम भाई, टिटवी हमको दे दो. नाम के पैसे मिलेंगे. आप हमारे सट्टेदार बन जाओ. घर बैठे कमीशन."

काकांनी गोण्यांकडे पाहिलं. गोण्यांतलं उन्हाळ्यातलं पान दमट व्हायला लागलं होतं. ते रोवणीत विकलं गेलं नाही तर पावसाळा संपेपर्यंत बुरशी धरणार, पुढच्या उन्हाळ्यात नवं पान घेता येणार नाही आणि टिटवी आपोआप संपणार. समोरच्यालाही हे ठाऊक होतं. म्हणून तो घाई करत नव्हता.

"चहा झाला का?" काकांनी विचारलं.

"जी."

"मंग छत्री उचला."

याला शौर्य म्हणता येणार नाही. त्या क्षणी काकांकडे दुसरी कोणतीच योजना नव्हती. नकार आधी आला आणि योजना नंतर. मोठ्या व्यवहारांच्या बातम्या लिहिताना मला पुढे अनेकदा वाटलं की बाजारातले बरेच निर्णय असेच होतात. फक्त नंतर कोणी तसं सांगत नाही.

योजना आणली ती सगुणाबाईने. सगुणाबाई सट्टेदाराकडे बिड्या वळायची. डावरी होती. लहानपणी आईने तिचा डावा हात पदराने बांधून ठेवला होता, तरी तो सुटलाच, असं ती स्वतःच हसून सांगायची. जीभ तिखट. नवऱ्यासाठी तिने बाजारातून निम्म्या किमतीचा कट्टा घेतला, घरी सोडला आणि तशीच काकांच्या अंगणात आली. तिच्या तळहातावर दोन बिड्या होत्या.

"भाऊ, हे पाहा. हे कोनाची हाये?"

काकांना बिडीसारखी बिडी दिसली.

"डोरे नाहीत का तुमाले? पानाची कड पाहा." तिने बिडी आडवी धरली. साध्या बिडीत पानाची कड एका बाजूने वेढे घेत उतरते. या दोन बिड्यांत ती उलट्या बाजूने उतरत होती. "या गावात डाव्या हातानं बिडी वरनारी मीच एक हावो. परवा सट्टेदारानं माह्या मूठभर बिड्या छाट म्हनून फेकल्या. आज त्याच बिड्या मी पैसे देऊन घरी आनल्या."

काकू एक बिडी हातात घेऊन म्हणाली, "म्हंजे फुकटात वरून घेतल्या, आन आपल्याच दोऱ्यात बांधून आपल्याच गराले लावल्या."

दुसऱ्या संध्याकाळी सट्टेदाराच्या ओसरीवर काय झालं ते गावाने पाहिलं, कारण सगुणाबाईने दुपारीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सट्टेदाराने तिच्या सुपातल्या बिड्या चाळल्या आणि मूठभर बाजूला टाकल्या.

"ये छाट."

"काऊन?"

"मुंह ढीला है."

"ढिलं हाये त कोनाच्या तोंडाले लावाची नाही ना?"

"नहीं."

"पक्कं?"

"अरे पक्का बाई. चलो, आगे बढ़ो."

सगुणाबाईने त्या बिड्या डाव्या मुठीत उचलल्या आणि चुरडल्या. पान आणि तंबाखू ओसरीवर पडला. "घे," ती म्हणाली, "आता कोनाच्याच तोंडाले लागत नाही."

चिडून सट्टेदाराने पुढच्या बाईच्या अर्ध्या बिड्या छाट केल्या. तिने अर्ध्या बिड्या चुरडल्या. तिसरीला मोडायचा धीर होईना, तर चौथीने तिच्या मोडून दिल्या. छाटीची मजुरी कोणाला मिळणारच नव्हती, म्हणून मोडण्यात बायांचं काही जात नव्हतं. जात होतं ते सट्टेदाराचं. "ये मालिक का माल है," तो ओरडला. मागून कोणीतरी म्हणालं, "माल हाये त मजुरी दे ना गा." ओसरीभर हसू पसरलं आणि सट्टेदार उठून आत गेला.

सकाळी त्याने पान वाटलं नाही. त्याच्या नंतरच्या सकाळीही नाही. आमच्या गावाचं काम बंद. ज्या बायांना रोवणीला वाकणं जमत नव्हतं, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, पायाने अधू, त्यांच्या घरी बिडीच चूल पेटवत होती. त्या सगळ्या काकांच्या गोठ्यापुढे येऊन बसल्या.

"पान हाये," काका म्हणाले, "तंबाखूही पाहून घेऊ. गिऱ्हाईक नाही. तुमाले काम देऊन मी त्या बिड्या कोनाले पाजू?"

"मंग माही बिडी मी कशी वरखली?" सगुणाबाई म्हणाली.

काकांनी खिशातून बिडी काढली, अंगठ्याने तिची कड चाचपली. दोरा कोणीही एका रात्रीत बदलू शकतो. चिठ्ठी कोणीही छापू शकतो. "सगुना," ते म्हणाले, "हे सगळ्याईले शिकवशीन?"

"हात मोडतीन त्याईचे."

"मोडू दे."

पुढचे दिवस गोठ्यात शिव्यांचे होते. पान कापायचा पत्र्याचा फर्मा उलटा ठेवायचा, सूप डावीकडे घ्यायचं, बोटं नेमकी उलट चालवायची. वर्षानुवर्षं झोपेतही बिडी वळू शकणाऱ्या बायांना एक बिडी धड होईना. "माय वो, या हातानं त मी कधी मीठही नाही वाढलं," एक म्हातारी रडकुंडीला आली. सगुणाबाई तिच्या मागे बसून तिची बोटं आपल्या बोटांत धरायची. "मीठ नाही वाढाचं मावशी, धूर काढाचा हाये. धुराले उजवं-डावं नसते." बिघडलेल्या बिड्याही काकांनी मजुरी देऊन घेतल्या आणि घरच्या गड्यांना ओढायला दिल्या. छाट हा शब्द गोठ्यात उच्चारायचा नाही, असा काकूचा हुकूम होता.

हिरवा दोरा पुन्हा आला. माल या वेळी दुकानांत गेलाच नाही. दुकानांवर मोठ्या कारखान्याच्या पाट्या होत्या. आम्ही बांधांवर गेलो. दुपारी शिदोऱ्या सुटायच्या वेळी सायकल बांधावर उभी करायची आणि म्हणायचं, कड चाचपून पाहा, डावीकडे वळते ती टिटवी. ओल्या, चिखलाने फुगलेल्या बोटांनाही ते कळत होतं. चिठ्ठी वाचता न येणाऱ्याला आपल्या अंगठ्याने वाचता येईल अशी खूण मिळाली होती. पुढच्या बाजारात एक माणूस पालाशी आला आणि त्याने दोऱ्याचं नावही घेतलं नाही. "डावरी दे," म्हणाला. त्यानंतर सगळेच तसं म्हणू लागले.

सट्टेदाराच्या माणसांनी उठवलं की ही उलट्या हाताची बिडी अशुभ आहे. बाजारात त्यावर दोन दिवस चर्चा झाली. झिटरूबाबाने ती मिटवली. "ओढतो त उजव्याच हातानं," असं म्हणून त्याने पुरे पैसे टाकून कट्टा घेतला. निम्म्या किमतीची भिजकी बिडी ओढून त्याला खोकला झाला होता, हेही कारण असेल. गिऱ्हाईक परत येतं तेव्हा त्याला कारण विचारू नये.

मोठा कारखाना हे वळण उचलू शकला नसता का? नंतर अनेकांनी हा प्रश्न विचारला. हात सगळीकडे होते आणि पैसाही होता. पण उलटं वळण शिकताना आठ-दहा दिवस बिड्या बिघडतात. तिथे बिघडलेली प्रत्येक बिडी छाट होती आणि ती बाईच्या मजुरीतून जात होती. कोणती बाई स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन मालकासाठी नवं वळण शिकेल? ज्या छाटीच्या बळावर त्यांनी आमच्यावर चाल केली, तीच त्यांच्या हातांना जखडून बसली होती. व्यापारावरची जाड पुस्तकं पुढे नजरेखालून गेली. त्यांत भांडवल, वाहतूक, जाहिरात सगळं होतं. आपण मजुराशी कसे वागतो त्यावर आपण उद्या काय शिकू शकतो हे ठरतं, असं वाक्य कुठे सापडलं नाही.

रोवणी संपली तेव्हा गोठ्यातल्या पानाच्या गोण्या रिकाम्या झाल्या होत्या. धान हिरवंगार उभं राहिलं, बांध्यांतली माणसं घरी गेली. आणि एका सकाळी सट्टेदार पानाने भरलेला खासर, म्हणजे बैलगाडा, घेऊन गावात परत आला. शेजारच्या दोन-तीन गावांतही बायांनी मुठी आवळायला सुरुवात केली होती. त्याने चावडीपुढे सांगितलं की काम पुन्हा सुरू होईल, आणि छाट आता ओसरीवरच, सगळ्यांदेखत मोडली जाईल.

"कोन मोडन?" सगुणाबाईने विचारलं.

"हमारा आदमी."

"नाही. ज्याची बिडी, तो मोडन."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. बाया उभ्या होत्या. कोणी खासराकडे हात पुढे करत नव्हतं. "ठीक है," तो म्हणाला.

अर्ध्याहून जास्त बाया त्याच्याकडे परत गेल्या. त्यांचं चुकलं नाही. तिथे बारा महिने काम होतं, टिटवीकडे सगळ्यांना पुरेल एवढं कधीच नव्हतं, आणि रोवणी सरल्यावर तर आणखी कमी. काकांनी ते गृहीत धरलं होतं. सगुणाबाई कैची आणि फर्मा घेऊन आली आणि तिने ते काकांपुढे ठेवले, हे मात्र त्यांनी गृहीत धरलं नव्हतं.

"तू काऊन?" काकांचा आवाज चढला. "तुले काय कमी केलं मी?"

"काही कमी नाही केलं, भाऊ."

"तुही डावरी बिडी त्याच्या कट्ट्यात जाईन."

"माह्या एकटीची. त्याच्या ढिगात कोनाले सापडते ते? इथं सगळ्याईले जमून राहिलं आता. माही गरज नाही." तिने पदर खोचला. "तिकडे हाये. आज हो म्हनला तो. दोन हप्त्यांनी तोच छाटीची मूठ झाकून ठेवीन, आन ह्या बाया गप बसतीन. मोडाची सवय नाही ना त्याईले अजून."

काकांनी फर्मा उचलून खुंटीला लावला. त्यांचा सगळ्यात चांगला हात चालला होता, आणि चालला होता तो त्यांच्या सगळ्यात मोठ्या वैऱ्याच्या ओसरीवर. "जा," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी पुन्हा सुपं रांगेत लागली. सट्टेदाराने पहिल्या सुपातल्या बिड्या चाळल्या, मूठभर उचलल्या आणि बाजूला टाकण्याआधी थांबून समोर पाहिलं. सगुणाबाई रांगेत पहिलीच बसली होती. तिने डावा हात पुढे केला.